केसाएवढी चीर

बुधाजीने रॉकेलचा बोळा ब्रॅकेटच्या वेल्डिंगच्या जोडावरून फिरवला, फडक्याने कोरडा पुसला आणि वर खडू घासला. चिरेत मुरलेलं रॉकेल खडूत झिरपलं आणि दोन मिनिटांत पांढऱ्यावर काळी रेघ उमटली. केसाएवढीच; पण मागल्या सोमवारी तिच्या टोकाला त्याने पंच ठोकून खूण केली होती, तिच्या बोटभर पुढे गेलेली. तो शिडीवरून उतरला आणि कप्पीची साखळी खांबाला बांधून मोकळा झाला.

करी रोडच्या त्या गिरणीत कापसाच्या गाठी अंगणातून वरच्या मजल्यावर जायच्या त्या याच कप्पीने. भिंतीला बोल्टांनी बसवलेला लोखंडी ब्रॅकेट, त्याला ती टांगलेली. गाठी थांबल्या की दुपारपर्यंत अर्धं खातं थांबणार. मग काय, वैद्य इंजिनीअर आलेच तरातरा.

"उद्या संयुक्त महाराष्ट्राचा हरताळ, आणि आज बरी तुला चीर सापडली."

"उद्या मी येणार नाही साहेब, ते सांगूनसवरून. हे आजचं वेगळं आहे."

"अरे, पाच मणांची गाठ. ब्रॅकेट वीस मण पेलतो."

"एका गाठीने नाय मोडायचा. पण दिवसातून दोनशे वेळा ताण येतो नि सुटतो, त्याच्यावर चीर वाढते. तीन सोमवार बघतोय मी. तिन्ही वेळा मुकादमाला सांगितलं."

वैद्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "वरून एक हात मार वेल्डिंगचा, रंग फास, कप्पी चालू कर. आणि हा जोड कुणाचा, आठवतं ना? दोन वर्षांमागे तूच मारलास. फुटला म्हणून बोंबलशील तर पहिला तूच घरी जाशील."

साहेब खोटं बोलत नव्हते. बारा वर्षं खात्यात झाडू मारल्यावर कुठे वेल्डिंगची कांडी त्याच्या हातात आली होती. त्याच्या चाळीत दुसरा वेल्डर नव्हता.

ब्रॅकेटच्या बरोबर खाली सुंदराबाई आणि आणखी दोघी सांडलेला कापूस गोळा करत बसल्या होत्या. सुंदराबाईने मान वर केली. "दादा, आम्ही उठू का बसू, तेवढं सांग."

"उठा," बुधाजी म्हणाला.

वैद्यांना वाटलं, वेल्डिंगसाठी जागा करतोय. तो पाना घेऊन वर चढला. एक बोल्ट काढला, दुसरा काढला, तेव्हा कुठे साहेबांच्या डोक्यात प्रकाश पडला.

"बुधाजी, खाली उतर. कुणाला विचारून काढतोस?"

त्याने उरलेले दोन्ही काढले. दोराने ब्रॅकेट अंगणात उतरवला, आडवा टाकला आणि घण उचलला. वरच्या खिडक्यांतून माणसं डोकावत होती. ती बघू देत, असंच त्याला वाटत होतं. चांगला जोड दहा घणांना दाद देत नाही.

हा एकाच घणाला तुटला.

बुधाजीने तुकडा उचलून वैद्यांच्या पुढ्यात धरला. तुटलेली बाजू गंजून काळी पडली होती. लखलखीत, ताजं लोखंड होतं ते एका कडेला, करंगळीएवढं. एवढ्यावरच सकाळपासून साठ गाठी चढल्या होत्या.

"घाईत मारला होता मी," बुधाजी म्हणाला. "टोकाला खळगा राहिला. चीर तिथनंच निघाली."

वैद्यांनी त्या करंगळीएवढ्या लोखंडावरून बोट फिरवलं. मग पुन्हा साहेब झाले. "गिरणीचा माल मोडलास. मला रिपोर्ट करावा लागेल."

"करा की. जोड माझा होता, ते लिहा. मोडला मी, तेही लिहा." त्याने घण भिंतीशी टेकवून ठेवला. "फक्त तारीख आजची घाला साहेब. उद्याची नको, हरताळात मोडला म्हणतील."