बाहेर बसणारी माणसं

"काका, ह्यातलं तुमचं पोरगं कुठलं ओ?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून गिटार क्लासच्या मागच्या बाकावर आज नव्यानंच दिसलेल्या काकांना वैभवीनं विचारून टाकलं.

"माझं पोरगं बेंगळूरला गेलं गं. चार हिवाळे त्याची वाट बघत बाहेर गाडीवर गारठलो. यंदा म्हटलं, आपणच आत बसू." काकांनी बॅगेतनं गिटार काढली, तार छेडली, चुकले आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच हसले.

क्लास सुटला. कडोली गावाहून तिला घेऊन येणारी आई नेहमीसारखीच स्कार्फ गुंडाळून गाडीवर बसली होती. तिची बोटं हेल्मेटवर वाजत होती. गारठ्यानं हलवत असेल, असंच वैभवीला रोज वाटायचं. आज तिनं कान देऊन ऐकलं. आत्ताच आत शिकवलेला तोच ठेका!

घरात पाऊल टाकताच तिनं वडिलांना जाहीर केलं, "आप्पा, उद्यापासून एक दिवस मी आत बसणार, एक दिवस आई."

आई लाजली. "काहीतरीच तुझं! मला जमतंय व्हय ह्या वयात?"

"त्या काकांना तरी कुठं जमतंय? तुझा स्कार्फ तेवढा मला दे, आई. बाहेर लई गारठा असतोय."