पुलावरचा राक्षस

थोरलीला मुलगी झाली, त्या वर्षीची गोष्ट. बाळबाळंतीण आतल्या खोलीत झोपली होती, आणि बाहेर शिंपीणबाईच्या कापड बेतायच्या टेबलावर ड्रॅगन पुलाशी येऊन ठेपला होता.

पूल म्हणजे तिची लाकडी पट्टी. ड्रॅगन म्हणजे कोटाचं काळं बटण. दर रविवारी पुस्तकातली गोष्ट खेळायची, एकेकानं एकेक पात्र व्हायचं आणि फासे टाकून पुढे जायचं; तो खेळ शिंपीणबाई चालवत होती. धाकटी मुलगी गोष्टीतली तलवारवाली होती. शेजारचा नळवाला हौसेनं चेटकीण झाला होता. हाताच्या खुर्चीत बसलेला शिंपीणबाईचा नवरा पुलावरचा राक्षस होता. त्याच्या नावानं पट्टीवर एक रिकामं रीळ उभं होतं.

जन्मभर तो रेल्वेच्या फाटकावर होता. झटका आला आणि उजवं अंग गेलं, बोलणंही गेलं. एकच शब्द राहिला. पाणी हवं असलं तरी "थांब", नको असलं तरी "थांब".

जावई दारात चपला काढून आत आला. खेळाचं जाडजूड पुस्तक त्यानंच आणलेलं होतं. बाळ होईपर्यंत खेळही तोच चालवायचा. तो सासूच्या खांद्यावरून टेबलाकडे बघत राहिला.

"आई, पूल पहिल्याच प्रसंगात संपतो. तुम्ही शेवटाला आलात. राक्षस अजून जिवंत कसा?"

"मारला नाही म्हणून."

नळवाला हसला. "वहिनी, सरळ विचारतायत, सरळ सांगा की."

पुस्तकात चार प्रसंग होते. पूल, कोरडी विहीर, भुतांची गिरणी, ड्रॅगनची गुहा. एक उरकायचा, पान उलटायचं, दुसरा घ्यायचा. राक्षसाला बोलायला एकच शब्द होता, 'थांब'. ते वाचून शिंपीणबाईनं राक्षस नवऱ्याला देऊन टाकला होता. पुढचं पान तिनं नंतर वाचलं. राक्षस पहिल्याच वारात मरत होता.

मग तिनं बाकीचे तिन्ही प्रसंग पुलाला जोडले. विहीर कोरडी, कारण पाणी पुलाखाली अडलेलं. गिरणीतली भुतं पीठ पोचवायची ती पुलावरून. ड्रॅगनही आता गुहेत झोपायचा सोडून गावावर चालून निघाला होता.

"चालून? त्याला पंख आहेत," जावई म्हणाला.

"भाजले. गिरणीत पीठ पेटलं ना."

"ते मी पेटवलं, भाऊजी," धाकटी म्हणाली.

जावयानं पुस्तक उचललं. "लिहिणाऱ्यानं विचार करून लिहिलंय, आई. कुठे कुणाचं किती बळ, सगळं तोलून ठेवलंय. आपण वाटेल तिथे जोड देत बसलो तर कसं व्हायचं?"

"तयार कपडा घेऊन लोक माझ्याकडेच येतात ना? बाही सैल करा, खांदा उतरवा. तेव्हा शिवणाऱ्याला कुणी विचारायला जात नाही."

"हा कपडा नाही."

"लिहिणाऱ्यानं ह्यांना पाहिलं होतं का, जावईबापू?"

नळवाल्यानं टेबलावरचं आपल्या चेटकिणीचं बटण उगाच नीट केलं.

"पहिल्या रविवारी मारला असता, तर पुढचे रविवार ह्यांनी काय करायचं होतं? समोरची भिंत बघायची?"

जावई वाईट माणूस नव्हता. तो खाली बघत होता, पण म्हणालाच, "म्हणजे बाबांना काही होणारच नाही, असं ठरवून खेळायचं. ह्याला खेळ नाही म्हणत. लाड म्हणतात."

शिंपीणबाईचा आवाज चढला नाही. तिनं पायानं स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. ड्रॅगन तुम्ही घ्या. पुस्तकात आहे तेवढं सगळं बळ घ्या. फासे तुम्ही टाका. मी हात लावत नाही."

"आणि राक्षस मेला तर?"

"तर मेला. पण तो पुलावर उभा असताना मारा. पान उलटून नको."

जावई बसला. त्यानं काळं बटण पट्टीच्या टोकावर ठेवलं आणि फासे मुठीत घेऊन हलवले. खुर्चीतून डावा हात वर झाला. तळवा पुढे, बोटं सरळ. गाडी दिसली की फाटकावर व्हायचा, तसा.

"थांब."

जावयाची मूठ तशीच राहिली. त्यानं सासूकडे पाहिलं.

"टाका," ती म्हणाली. "लाड नकोत."

फासे टेबलभर घरंगळले आणि कात्रीला अडून थांबले. जावयानं ते मोजले. पुस्तकात पाहिलं. पुन्हा मोजले.

"लागला," तो हळू म्हणाला. "मेला नाही. निम्मं अंग गेलं." बोलून गेल्यावर त्याला कळलं आपण काय बोललो, आणि त्याचे कान लाल झाले. रीळ आडवं करायला त्यानं बोट लावलं, ते गडगडत पट्टीवरून खाली आलं.

म्हातारा पुढे वाकला. धाकटी उठायला लागली, तशी आईनं पदर धरून तिला खाली बसवलं. डाव्या हातानं त्यानं रीळ पकडलं. ते सुटलं. पुन्हा पकडलं. पट्टीच्या बरोबर मध्यावर आणून उभं केलं आणि जावयाकडे बघितलं.

"थांब."

जावयानं काळं बटण उचललं, आणि पट्टीवरून खाली, गुहेच्या बाजूला ठेवलं.

फाटकवाला त्याच वर्षी वारला, नात बसायला लागली त्या आठवड्यात, बुधवारी दुपारी. राक्षस मेला नाही.