लेटरबॉक्सची चढण

“अख्खा हॉलंड सपाट, आणि तुझ्या लेकीला डोंगरातलंच गाव सापडलं! मी नाही येत!” आमचे हे गुडघा चोळत म्हणाले. तीन वर्षं इरावती बोलावतेय. नदीतलं कयाकिंग, टेकडीवरचा किल्ला दाखवते म्हणतेय. “हा गुडघा फक्त लेकीच्या वाटेवर दुखतो,” मी तोंडावर सांगितलं. इथे न्यूझीलंडमध्ये, लोअर हटला आमचं घर उतारावर, लेटरबॉक्स वर रस्त्याला, मध्ये एकशेबारा पायऱ्या. सुपरमार्केटच्या जाहिराती आणायला हाच माणूस रोज दोनदा चढतो. शेवटी इरावतीनं फोनवर गावातला सर्वांत मोठा डोंगर दाखवला. एक म्हातारी शीळ घालत सायकलवरून चढत होती. हे छाती फुगवून ओरडले, “याला डोंगर म्हणतात? आमचा लेटरबॉक्स याहून उंचावर! साध्या रबरी जँडल घालून चढेन मी!” “मग या, बाबा!” यांचा हात गुडघ्याकडे गेला, पण तोवर मी तिकिटांचं बटण दाबलं होतं.