शेजारची सीट

नवरा गाडीतून उतरला कसला, निसटलाच. एक हात प्लॅस्टरमध्ये, शर्ट पाठीला चिकटलेला.

"नुसती भट्टी झालीय हो!" तो गॅरेजवाल्याला म्हणाला. "एसी चालू, आणि तोंडावर गरम वारा. आधी हे बघा."

गॅरेजवाल्याने स्टिअरिंगच्या बाजूच्या जाळीसमोर हात धरला. "इथे तर गार आहे की." मग शेजारच्या सीटपुढे धरला आणि मागे घेतला. "हां. आतली झडप अडकलीय. या बाजूला हीटरची हवा येतेय. कधीपासून?"

"आजच."

बायको अजून स्टिअरिंगवरच बसून होती. हात मोडल्यामुळे त्याने पहिल्यांदाच तिला गाडी चालवायला दिली होती. एरवी शेजारची सीट तिची.

"तिसरा उन्हाळा," ती म्हणाली.

"काहीतरीच काय! मग बोलली नाहीस ती?"

"बोलले होते. तुम्ही म्हणालात, वय झालं तुझं, आता तुला सगळंच गरम होणार. डॉक्टरकडेसुद्धा नेलंत."

नेलं होतं खरं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तिने त्या निमूट घेतल्या. गाडीत घामाने डबडबली की ती काच खाली करायची, आणि हा खेकसायचा, "काच लाव, गारवा बाहेर जातो!" त्याच्या बाजूला छान गार. त्याचं काय जात होतं? पुढेपुढे तिलाही वाटायला लागलं, खोट आपल्यातच असेल.

ती उतरली, वळसा घालून आली आणि तिने स्वतःच्या जाळीसमोर हात धरला. बराच वेळ धरून ठेवला.

"गरमच आहे ना हो ही?" तिने गॅरेजवाल्याला विचारलं. "माझ्या मनाचे खेळ नाहीत ना?"

"अहो काकू, हात भाजेल तुमचा."

तिला हायसं वाटलं. आणि मग राग आला. या वेळी स्वतःचा नव्हे.

झडपेचा नवा भाग उद्या येणार होता. तोवर गाडी आहे तशीच न्यायची. नवरा क्षणभर दाराशी घुटमळला, मग मुकाट्याने शेजारच्या सीटवर बसला.

पहिल्याच सिग्नलला त्याने धड असलेल्या हाताने काच खाली केली.

बायकोने रस्त्यावरची नजर काढली नाही.

"काच लावा," ती म्हणाली. "गारवा बाहेर जातो."