नववीचं विज्ञान

"आता विज्ञान," असं म्हणून तृप्ती मॅडमनी पुस्तक उघडलं आणि मागच्या बाकावर मनिरामनं जांभई दाबली.

नववीच्या पालकांची सभा बराच वेळ चालली होती. मुख्याध्यापकांनी भाषांचे विषय सांगितले, गणिताचे दोन भाग सांगितले, तोंडी परीक्षेचे आणि प्रकल्पाचे गुण कसे मिळतात तेही सांगितलं. पालकांना एवढंच कळलं, की पोरांना घरी अभ्यासाला बसवायचं आहे. एरवी अशा सभेला बाप आईला पाठवतो आणि आई आजीला. मनिरामही त्यातलाच. पण या वेळी रंजूनं हट्ट धरला होता. बाबानंच यायचं, दुसऱ्या कोणी नाही. पोरगी कधी काही मागत नाही, म्हणून तो पहाटे तलावातली जाळी काढून, मासे कोंढ्याच्या बाजारात एकाच्या हवाली करून, धुतलेला शर्ट घालून आला होता.

पालक कंटाळलेत हे मॅडमना दिसत होतं. त्यांनी पुस्तकाची शेवटची पानं काढली. हा आनुवंशिकतेचा धडा, त्या म्हणाल्या. आईबापांकडून लेकरात काय काय उतरतं, ते यात आहे. नाक, डोळे, रंग उतरतो, तसे काही आजारही उतरतात. आपल्याकडचा सिकलसेल तर तुम्ही ऐकलाच असेल.

मनिराम ताठ बसला.

"हा आजार लेकराला एकट्या आईकडून होत नाही आणि एकट्या बापाकडूनही होत नाही," मॅडम म्हणाल्या. "दोघांच्याही रक्तात असेल तरच होतो. त्यांना स्वतःला काही त्रास नसतो, म्हणून त्यांना कळतही नाही."

मनिरामला हे नवं नव्हतं. त्याचा पोरगा छोटू भंडाऱ्याच्या दवाखान्यात भरती होता, तेव्हा घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं होतं. रंजूचं चांगलं निघालं. मग डॉक्टरांनी मनिरामला एकट्याला आत बोलावून नेमकं हेच सांगितलं. तुमच्याकडूनही आलं, बायकोकडूनही आलं, दोष कोणाचाच नाही. त्याची बायको बायाबाई तेव्हा छोटूचे दुखरे पाय चेपत बसली होती. मनिराम बाहेर आला. व्हरांड्यात त्याची आई वच्छला उभी होती.

"कोनाकडून आलं बा हे?" तिनं विचारलं.

"तिच्याकडून," मनिराम म्हणाला.

भीतीनं म्हणाला की लाजेनं, हे त्याला आजही सांगता आलं नसतं. उद्या खरं सांगू, परवा सांगू, असं म्हणता म्हणता छोटू गेला. मग सांगायला तोंडच उरलं नाही. वच्छलानं सुनेच्या माहेरचा उद्धार करायचा एक दिवस सोडला नाही. धाकट्या दिराला बाळ झालं, तर बायाबाईला कोणी ते मांडीवर घेऊ दिलं नाही. सगळ्यात वाईट म्हणजे बायाबाईनंही ते खरं मानलं. माहेरच्या रक्तानं आपलं लेकरू नेलं, म्हणून ती सख्ख्या आईशी बोलेनाशी झाली. दिवाळीला भाऊ न्यायला यायचा आणि पाणी पिऊन एकटाच परत जायचा. मनिराम हे सगळं पाहायचा आणि खाली मान घालून जाळं सांधत बसायचा. माणूस वाईट नव्हता, भित्रा होता. पण ज्याच्यावर बेततं त्याला दोन्ही सारखेच.

कोणाला काही विचारायचं आहे का, असं मॅडमनी विचारलं. मनिराम उभा राहिला.

"मॅडम, हा धडा कवा शिकवता?"

जानेवारीत येईल, मॅडम म्हणाल्या.

"पोराईले वाचाच लागते का?"

लागतो ना, परीक्षेला असतो, असं सांगून मॅडम हसल्या. पोरीच्या अभ्यासाची एवढी चौकशी करणारा बाप पाहून त्यांना बरं वाटलं. बाकीच्यांनीही असंच लक्ष घालावं, असं त्यांनी भर सभेत बोलून दाखवलं. मनिराम खाली बसला. त्याचे कान तापले होते.

पुढचं त्याच्या कानावर पडलं नाही. धान घरी येईल, थंडी पडेल आणि एक दिवस पोरगी तो धडा वाचून घरी येईल. जेवताना ती आपल्याकडे कशी बघेल, तेवढंच त्याच्या डोळ्यांपुढे येत होतं. पुस्तकानं सांगायच्या आधी आपण सांगावं, असं त्यानं ठरवलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं असं काही ठरवलं होतं.

रंजू फाटकाशी थांबली होती. सभेत काय झालं, हे तिनं विचारलं नाही. ती गाडीवर मागं बसली. गावाच्या अलीकडे तलावाच्या पाळीवर मनिरामनं गाडी थांबवली आणि तिला उतरायला सांगितलं.

"तुमच्या विज्ञानात एक धडा आहे. छोटूच्या बिमारीचा," तो पाण्याकडे बघत म्हणाला. "तो तू वाचाच्या आधी मले तुले काही सांगाचं आहे."

आणि त्यानं सांगून टाकलं. डॉक्टर काय बोलले, आजीनं काय विचारलं, आपण काय उत्तर दिलं, काही लपवलं नाही. सगळं सांगून झाल्यावर त्याला मोकळं वाटलं. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं, आता पोरीसमोर मान वर करून राहता येईल, असं वाटलं. त्यानं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं तोंड पुसलं आणि गाडी सुरू केली.

रंजू गाडीवर बसली नाही.

"तो धडा मी उन्हाळ्यातच वाचला, बाबा," ती म्हणाली. "मले कायले सांगता? आईले सांगा."