मागे उभी राहणारी

आमचा खुर्च्या-टेबलं भाड्याने द्यायचा धंदा. बारा वर्षं ट्रेलर धाकटे दीर चालवायचे, आणि तो गोदामात मागे घेताना मी मागे उभी राहून घसा फोडायचे, "भावजी, स्टिअरिंग डावीकडे! आता सरळ! येऊ द्या, येऊ द्या!"

नाक्यावर पोलीस ट्रेलरचं वेगळं लायसन्स मागायला लागले, तेव्हा भावजींबरोबर मीही अर्ज भरला; साधी गाडी मला येत होतीच. भावजी खो खो हसले. "वहिनी, ओरडणं वेगळं आणि चालवणं वेगळं. ट्रेलर मागे घेणं हे येरागबाळ्याचं काम नाही!"

परीक्षेच्या मैदानात मागे कुणी उभं राहायचं नाही, असा नियम निघाला. प्रत्येकाला दोन संधी; भावजींनी दोन्ही वेळा खांब आडवे केले. मी मनातल्या मनात स्वतःलाच ओरडत ट्रेलर पहिल्याच झटक्यात दोन खांबांच्या मधोमध नेऊन उभा केला.

दुसऱ्या दिवशी गोदामाच्या फाटकाशी मी ट्रेलर वळवला, तेव्हा शेजारी बसलेल्या भावजींनी दार उघडलं. खाली मान घालून म्हणाले, "मी मागे उभा राहू का?"



"बसा की निवांत, भावजी. मला मागे ओरडायला माणूस लागत नाही."