पाच दिवसांचा इलाज

बायनाबाईचा छातीतला कॅन्सर मेंदूत पसरला होता. शहरातल्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टर तिला आणि तिच्या नवऱ्याला, सोनपेठच्या किशनरावांना, दोन इलाज समजावून सांगत होते. दोन्हींत चिरफाड नव्हती. गाठी किरणांनीच जाळायच्या. एकात कवटीला पिना टोचून धातूची चौकट बसवायची आणि एका दिवसात काम संपवायचं. दुसऱ्यात तोंडावर नुसता जाळीचा मुखवटा घालून पाच दिवस थोडे थोडे किरण द्यायचे.

"तुमच्या बाबतीत गुण दोन्हींचा सारखाच," डॉक्टर म्हणाले.

"मग एका दिवसाचंच करा," किशनराव म्हणाले. "ही पाच दिवस हितं राहिल्यावर घरी माझ्या भाकरीचं काय?"

डॉक्टर बायनाबाईकडं वळले. "मावशी, तुम्हाला काय वाटतं?"

"तिला काय कळतंय? मी सांगायलोय की!"

बायनाबाईनं नवऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"मला पाच दिवसांचं द्या, साहेब. बहीण राहील माझ्यासंगं. ह्यांना आत्ताच्या बसनं गावी जाऊ द्या. भाकरीवाचून मेलेच, तर येईन मातीला."